गजकर्ण परत परत येतंय? आधी मलमाच्या ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं. पाच महिन्यांपासून जांघेत गजकर्ण आहे. घरात पडलेलं एक मलम लावलं की दोन दिवसांत खाज जाते. लावणं थांबवलं की आठवड्याभरात परत येतं, आणि दर वेळी आधीपेक्षा मोठं. आता ते मांडीवर आणि कमरेच्या नाडीच्या जागीही आलंय, बायकोलाही काखेत तसाच चट्टा दिसतोय, आणि तुम्ही विचारताय की याहून स्ट्राँग मलम कोणतं?

स्ट्राँग नको. मला दाट शंका आहे की जे लावताय तेच गरजेपेक्षा जास्त स्ट्राँग आहे, फक्त त्याचा जोर बुरशीवर न चालता तुमच्या कातडीवर चालतोय.

मी डॉक्टर नाही. पण हाच खेळ मी अकरा महिने खेळलोय आणि त्याच्या खुणा अजून मांडीवर आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ट्यूब हातात घ्या आणि मोठ्या अक्षरातलं नाव सोडून खालचे घटक वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुसिनोलोन यांपैकी काही दिसलं तर ते स्टिरॉइड आहे. क्लोट्रिमाझोल, मायकोनाझोल, ल्युलिकोनाझोल, टर्बिनाफिन ही बुरशीची औषधं. शेवटी ‘झोल’ आहे की ‘सोल’, एवढ्या एका अक्षरात माणूस फसतो. मी फसलो होतो. त्यातून अनेक मलमांत दोन्ही एकत्र असतात, सोबत एखादं अँटिबायोटिकही घातलेलं असतं. आपण बुरशीच्या औषधाचं नाव वाचून निश्चिंत होतो.

आता हे दोन दिवसांत बरं वाटण्याचं गौडबंगाल. ही बुरशी केरॅटिनवर जगते, म्हणजे कातडीचा सगळ्यात वरचा मृत थर, केस आणि नखं. ती खोल शिरत नाही. खाज आणि लाली बुरशीची नसते, तिला हाकलायला आलेल्या आपल्याच प्रतिकारशक्तीची असते. म्हणून तर गोल कडा उठते. बुरशी बाहेरच्या दिशेने पसरते, जिथे ती ताजी आहे तिथे लढाई पेटते, आणि मधला भाग निवळत जातो. स्टिरॉइड ही लढाईच बंद पाडतं. खाज गेली, लाली गेली, बुरशी मात्र आरामात पसरतेय. औषध थांबवलं की प्रतिकारशक्ती जागी होते आणि तोवर वाढलेल्या सगळ्या भागावर एकदम लाली येते. तुम्हाला वाटतं रोग परतला. तो गेलाच नव्हता.

हे काही नवं नाही. त्वचेवर लावायचं हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइड पहिल्यांदा यशस्वी ठरलं ते 1952 साली. 1968 साली, म्हणजे सोळाच वर्षांत, आइव्ह आणि मार्क्स या दोन त्वचारोगतज्ज्ञांनी ‘टिनिया इन्कॉग्निटो’ असं नाव देऊन लेख लिहिला. वेषांतर केलेला नायटा, असं म्हणा. कडा पुसट होते, गोलात गोल दिसायला लागतात, कधी नुसते पुरळ. अनुभवी डॉक्टरही क्षणभर थबकतात. त्यामुळे फोटो टाकून ‘हे काय आहे’ विचारण्यात अर्थ नाही. निदान करायचं तर चट्ट्याच्या कडेचा कोंडा खरवडून, पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, बुरशीचे धागे दिसतात. मिनिटांचं काम आहे. जिथे शंका आहे तिथे हे करून घ्याच. कारण प्रत्येक गोल चट्टा गजकर्ण नसतो. एक्झिमा, सोरायसिसही तसे दिसू शकतात. आणि चट्ट्यावर स्पर्श कमी कळत असेल, खाज नसेल, तर मलमांचा विचार सोडून आधी डॉक्टरांकडे जा, कुष्ठरोगाची तपासणी करायला हवी. लवकर कळला तर तो पूर्ण बरा होतो.

स्टिरॉइड जांघेत तर आणखी वाईट. तिथली कातडी पातळ, वर घड्या, त्यामुळे औषध जास्त शोषलं जातं. मला तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मांडीच्या आतल्या बाजूला लालसर पट्टे दिसायला लागले, पोटावर गरोदरपणात येतात तसे. मला वाटलं वजन वाढलंय. आता ते पांढरे झालेत, पण गेलेले नाहीत आणि जाणारही नाहीत. चेहऱ्यावर लावणाऱ्यांना लाल बारीक शिरा, मुरुम, उन्हात आग, हे वेगळंच.

ते मलम बंद केल्यावर काही दिवस खाज जोरात उसळेल, हे आधीच सांगून ठेवतो. बहुतेक लोक इथेच हरतात आणि परत ट्यूब उघडतात. त्या दिवसांसाठी डॉक्टर खाजेची गोळी देतात. मात्र खूप मोठ्या भागावर कित्येक महिने लावलं असेल, लहान मुलाला लावलं असेल किंवा पोटात स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील, तर स्वतःच्या मनाने झटक्यात थांबवू नका.

साधं, ताजं, तळहाताएवढ्या जागेचं गजकर्ण नुसत्या बुरशीच्या मलमाने दोन ते चार आठवड्यांत जातं. चट्ट्याच्या बाहेर दोनेक सेंटिमीटरपर्यंत लावायचं, आणि दिसेनासं झाल्यावरही आठवडा-दोन आठवडे चालू ठेवायचं. तुमची गोष्ट त्यापुढे गेलीय. तुम्हाला पोटातून औषध लागेल असं मला वाटतं, तेही बरेच आठवडे. त्या गोळ्या मैत्रीत मागून घ्यायच्या नाहीत. टर्बिनाफिन यकृताला जड जाऊ शकतं. इट्राकोनाझोल हृदय कमकुवत असलेल्यांना चालत नाही आणि ते कितीतरी औषधांशी भांडतं. शिवाय अलीकडे टर्बिनाफिनला न जुमानणारी बुरशी वाढलीय. 2020 साली तिला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं वेगळं नावच मिळालं. तेव्हा ‘माझ्या मित्राला चाललं’ हा पुरावा नाही.

घरचं बघू. बायकोचे उपचार तुमच्याबरोबरच सुरू व्हायला हवेत, नाहीतर एकमेकांना परत देत बसाल. पायाची बोटं आणि नखं तपासा. बेचक्यांत पांढरट ओली सालं निघत असतील तर उगम तिथेच असू शकतो. तेवढ्यासाठी एक हास्यास्पद वाटणारी सवय मला सांगितली गेली होती आणि ती मी अजून पाळतो: आधी मोजे, मग चड्डी. पाय चड्डीतून घालताना बुरशी वर जाते ना. टॉवेल वेगळा, जांघ कोरडी करूनच कपडे. अंतर्वस्त्रं आणि चादरी कापड सोसेल तितक्या गरम पाण्यात धुवा, 60 अंश चालत असेल तर उत्तम, कारण गळालेल्या कोंड्यात बुरशीचे बीजाणू महिनोन्‌महिने टिकतात. मांजर पाळलेलं असेल आणि त्याचे केस जागोजागी गळत असतील तर त्यालाही दाखवून आणा. लसूण चोळणं, ब्लीच लावणं असले प्रयोग नकोत. लसणाने तिथे भाजल्यासारखे फोड येतात.

कोंडा तपासणार असतील तर मलम किती दिवस आधी थांबवायचं ते फोनवरच विचारून घ्या, लावून गेलात तर काहीच सापडत नाही असं होऊ शकतं. आणि जुनी ट्यूब रागाने फेकू नका, खिशात घालून न्या. मी रिकाम्या हाताने गेलो होतो आणि ‘कसलं मलम?’ या प्रश्नावर ‘पांढरं’ एवढंच सांगू शकलो होतो.