लेहराच सरकू लागतो तेव्हा

अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइशचे संगीत तबकडीवर सुई अडकल्यासारखे का वाटते, आणि ही पुनरावृत्ती मुळात आपल्याकडून, भारतीय संगीतातूनच नेलेली नाही का, असे आपण विचारले आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो. राइशसारखेच पुनरावृत्तीचे संगीत रचणाऱ्या फिलिप ग्लासच्या बाबतीत आपले म्हणणे बरेचसे खरे आहे, कारण साठच्या दशकाच्या मध्यात पॅरिसमध्ये पं. रविशंकर यांच्यासोबत काम करताना छोट्या गटांची बेरीज करत लय बांधण्याची रीत त्याला उमगली. मात्र त्याच धाटणीचा टेरी रायली हिंदुस्तानी गायक पं. प्राणनाथ यांच्याकडे शिकू लागला तो १९७० मध्ये, आणि ५३ छोट्या स्वरावलींची त्याची ‘इन सी’ ही रचना १९६४ ची आहे. राइशला तर आपली वाट १९६५ मध्ये, दोन टेपरेकॉर्डरवर लावलेले एकच ध्वनिमुद्रण हळूहळू एकमेकांच्या मागेपुढे सरकताना सापडली. नागपुरात मे महिन्याच्या रात्री शेजारच्या दोन खोल्यांमधले कूलर जवळजवळ एकाच गतीने घरघरतात, तेव्हा मधूनच एक तिसरी लय ऐकू येते, तत्त्व तेच.

आता सुईबद्दल. तबल्याच्या एकलवादनात लेहरा, म्हणजे साथीला आवर्तन दाखवणारी छोटी धून, तासभर तोच वाजतो, पण आपले लक्ष तबल्याकडे असल्यामुळे तो अडकला असे कोणी म्हणत नाही. राइशकडे तबला नसतोच, लेहराच सरकतो. यासाठी त्याचे १९७२ चे ‘क्लॅपिंग म्युझिक’ आधी स्वतः करून पाहावे. बारा मात्रांत तीन टाळ्या, एक मात्रा रिकामी, दोन टाळ्या, रिकामी, एक टाळी, रिकामी, दोन टाळ्या, रिकामी. एकाने हे तसेच चालू ठेवायचे आणि दुसऱ्याने काही आवर्तनांनंतर तोच आकृतिबंध एकेक मात्रा पुढे सरकवायचा. बाराव्या सरकण्यानंतर दोघे पुन्हा एक होतात. सम, म्हणजे आवर्तन जिथे परत येते ती पहिली मात्रा, म्हणायची असेल तर ती एवढीच. बारा मात्रा दिसल्या म्हणून एकतालाचा ठेका मनात धरू नये, मी तोच धरला होता आणि पहिले दोन महिने वाया घालवले.

त्यानंतर ‘म्युझिक फॉर एटीन म्युझिशियन्स’ (१९७६) ऐकावे. सुमारे तासाभराची ही रचना ११ स्वरसंघांवर (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांवर) उभी आहे. तिच्यात गायिकांचे आणि बास क्लॅरिनेट या खर्जातल्या फुंकवाद्याचे धडधडते स्वर एका श्वासाला पुरतील तेवढेच टिकतात, आणि पुढे कधी जायचे याची खूण व्हायब्राफोन हे धातूच्या पट्ट्यांचे वाद्य देते. ही खूण ओळखता आली की बदल ऐकू येऊ लागतात. वर्धा रोडच्या गर्दीत कानाला हेडफोन लावून मात्र ती सापडणार नाही.