पांढऱ्या पेशी वाढल्या तरी वासराचा न्यूमोनिया का आवरत नाही?

तुम्ही विचारलंय की वासराच्या रक्तात पांढऱ्या पेशी वाढलेल्या असूनही न्यूमोनिया का हटत नाही. जंतूंमधले घटक या पेशींना खरंच निकामी करतात का? हो, करतात. रिपोर्टमधला आकडा पेशी किती आहेत तेवढंच सांगतो, त्या काम करतायत का ते नाही.

मॅनहाइमिया हिमोलिटिका हा जंतू निरोगी वासराच्या नाकाघशातही असतो. प्रवासाचा ताण किंवा विषाणूचा संसर्ग झाला की तो फुफ्फुसात उतरतो आणि ल्यूकोटॉक्सिन नावाचं विष सोडतो. प्रयोगशाळेत मी हे अनेकदा पाहिलंय. गाईच्या पांढऱ्या पेशींवर या जंतूच्या वाढीचा गाळलेला द्रव घालायचा, मग ट्रायपॅन ब्लू. जिवंत पेशी हा रंग आत घेत नाही, काचेच्या मण्यासारखी चमकते. बघता बघता ती फुगते, कडा पुसट होते आणि निळी पडते. तोच द्रव घोड्याच्या पेशींवर घाला, त्या तशाच चमकत राहतात!

कारण पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावरच्या सीडी१८ या प्रथिनात आहे. ते तयार होताना त्याच्या टोकाला एक छोटा तुकडा असतो. इतर प्राण्यांत तो नंतर कापला जातो, रवंथ करणाऱ्यांत तसाच राहतो, आणि विष नेमकं तिथेच चिकटतं. विष थोडं असेल तर पेशी नुसती चवताळते, जास्त झालं तर मरते. फुटलेल्या न्यूट्रोफिलमधली (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींमधली) पाचक द्रव्यं मग फुफ्फुसालाच जाळतात. ज्या वासरांचे न्यूट्रोफिल आधीच कमी केले होते, त्यांच्या फुफ्फुसांना प्रयोगात कमी इजा झाली.

गाईंत गर्भपात घडवणाऱ्या ब्रुसेला अबॉर्टस या जंतूची तऱ्हा वेगळी, आणि मला तीच जास्त भीतीदायक वाटते. तो ल्यूकोटॉक्सिनसारखं न्यूट्रोफिलला फोडत नाही. त्याच्यातून सुटणारे ग्वानोसिन मोनोफॉस्फेट आणि अ‍ॅडेनिन हे अगदी साधे रेणू न्यूट्रोफिलच्या कणिकांमधला (पेशीच्या आतल्या छोट्या पिशव्यांमधला) मारक साठा बाहेर पडू देत नाहीत. जंतू गिळला जातो, पण आत जिवंत राहतो.

कासदाहातला स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू त्याच्या ‘प्रोटीन ए’ या प्रथिनाने अँटिबॉडीला, म्हणजे जंतूला चिकटणाऱ्या शरीराच्या संरक्षक प्रथिनाला, शेपटीकडून धरतो, म्हणजे पेशीला पकडायला दांडाच उरत नाही.

म्हणून न्यूमोनियाची लस घेताना ती ल्यूकोटॉक्सिनविरुद्धही संरक्षण देते का, हे पशुवैद्यकांना जरूर विचारा. आणि वासरू सुस्त पडून ताप चढला, तर रक्ताच्या रिपोर्टची वाट न बघता त्यांना लगेच बोलवा.