वापरलेल्या सुयांना कागदाची पुडी चालत नाही

प्रश्न : वडील दिवसातून चार वेळा पेनने इन्सुलिन घेतात, दोनदा साखर तपासतात. वापरलेल्या सुया आणि लॅन्सेट (साखर तपासताना बोट टोचायच्या बारीक सुया) आम्ही वर्तमानपत्रात गुंडाळतो, वर लाल ठिपका काढतो आणि कचरा न्यायला येणाऱ्या ताईंकडे देतो. एवढं पुरेसं आहे ना? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : नाही. लाल ठिपका ही पुण्यात सॅनिटरी पॅड आणि डायपरसाठी रुळलेली खूण आहे. ठिपका पाहून ताई पुडी उघडणार नाहीत, पण हातात तर धरणारच आणि पोत्यात दाबून भरणारच. पेनची सुई जेमतेम ४ मिलिमीटरची असली तरी कागदाच्या चार घड्या तिला काहीच नाहीत. तुमच्या घरातून महिन्याला १२० सुया आणि ६० लॅन्सेट निघतात. म्हणजे १८० टोकं, आणि आपल्या शहरात सुका कचरा अजूनही हातानेच निवडला जातो.

कपडे धुण्याच्या लिक्विडची किंवा फिनेलची जाड, दुधी प्लॅस्टिकची रिकामी बाटली घ्या. झाकण आट्यांचं हवं. पाण्याची पातळ बाटली दाबली की चेपते आणि सुई बाहेर डोकावते; काचेची बरणी फुटते. बाटली आधी धुऊन कोरडी करा आणि त्यावर जाड मार्करने मराठीत लिहा : ‘वापरलेल्या सुया – उघडू नका’. जिथे इन्सुलिन घेता तिथेच, पण नातवंडांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर ठेवा. बाटली दुसऱ्या खोलीत असली की सुई ‘नंतर टाकू’ म्हणून टेबलावरच राहते.

पेनची सुई काढताना बोटाला टोचते ती बहुतेक आतली बारीक टोपी परत बसवण्याच्या नादात. ती टोपी अरुंद असते, नेम चुकतो. म्हणून ती सुरुवातीलाच टाकून द्या. बाहेरची मोठी टोपी टेबलावर तोंड वर करून उभी ठेवा, दुसरा हात लांब ठेवा, पेन सरळ खाली आणून सुई टोपीत जाऊ द्या, मग टोपी दाबून उलट्या दिशेने फिरवा. सुई टोपीसकट सुटते. तशीच बाटलीत टाका. ती पेनलाच लावून ठेवू नका. इन्सुलिन झिरपतं, आत हवा शिरते आणि पुढचा डोस चुकतो.

सिरिंज वापरत असाल तर टोपी बसवूच नका, सुईचं टोक खाली करून अख्खी सिरिंज बाटलीत सोडा. सुई वाकवणं किंवा कात्रीने कापणं नको. तुटलेला तुकडा उडून कुठे गेला ते सापडत नाही.

बाटली पाऊण भरली की थांबा. अजून चार मावतील म्हणून वरून दाबताना हमखास टोचतं. झाकण घट्ट लावून भोवती रुंद चिकटपट्टी गुंडाळा. आता ती द्यायची कुठे? आधी तुमच्या डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये किंवा रक्त तपासता त्या लॅबमध्ये विचारा. त्यांच्याकडे जैववैद्यकीय कचरा उचलणारी गाडी येते. घरचा कचरा घेणं त्यांच्यावर बंधनकारक नाही, म्हणून न विचारता ठेवून येऊ नका. ते नाही म्हणाले तर महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात आरोग्य निरीक्षकांना भेटा. २०१६ च्या घनकचरा नियमांत घरातल्या सुया ‘घरगुती घातक कचरा’ धरल्या गेल्या आणि तो जमा करण्याची केंद्रं उभारणं स्थानिक संस्थेवर सोपवलं गेलं. ताईंच्याच हाती द्यायची वेळ आली तर बाटली वेगळी, तोंडाने सांगून द्या. ओल्या-सुक्याच्या डब्यात लपवू नका.

साखर तपासायच्या, रक्त लागलेल्या स्ट्रिप आणि कापूस टोचत नाहीत. ते कागदात गुंडाळून लाल ठिपक्यासह गेले तरी चालतात. खोकी आणि माहितीपत्रकं सुक्या कचऱ्यात.

प्रश्न : घरकामाच्या मावशींना केर काढताना आमची लॅन्सेट टोचली. त्यांनी बोट पिळून रक्त काढलं, मी डेटॉल लावलं. (एक वाचक, हडपसर)

उत्तर : दोन्ही नको होतं. पिळल्याने संसर्ग बाहेर पडत नाही, जखम मात्र चेंदते. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं, एवढंच. मग त्याच दिवशी डॉक्टर. हिपॅटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस तग धरतो. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं लागलीच तर ती जितक्या लवकर तितकी बरी, ७२ तासांनंतर उपयोग नाही; कोर्स २८ दिवसांचा असतो. लॅन्सेट कुणाची होती हे तुम्हाला माहीत आहे, तेव्हा त्या व्यक्तीचं रक्तही तपासून घ्या, डॉक्टरांचा निर्णय सोपा होतो. धनुर्वाताचं इंजेक्शन आणि हिपॅटायटिस बी ची लस यांबद्दलही विचारा. खर्च अर्थातच तुमचा.

प्रश्न : साखर मोजणारा, दंडावर लावायचा सेन्सर चौदा दिवसांनी काढला. तो आणि तो लावायचं यंत्र दोन्ही बाटलीत जात नाहीत. (एक वाचक, औंध)

उत्तर : सुई असते ती लावायच्या यंत्रात. त्याचं झाकण परत फिरवून बसवा, चिकटपट्टी लावा आणि सुयांच्या बाटलीसोबतच द्या. सेन्सरच्या चकतीत मऊ तंतू आणि छोटी बॅटरी असते; ती फोडू किंवा जाळू नका, ग्लुकोमीटरच्या जुन्या सेलबरोबर वेगळी ठेवा.

प्रश्न : ऑफिसमध्ये किंवा प्रवासात काय करायचं? (एक वाचक, वारजे)

उत्तर : स्ट्रिपची रिकामी डबी. झाकण पक्कं, खिशात मावते, प्रवासापुरत्या लॅन्सेट सहज राहतात. मात्र जुनं लेबल खरवडून काढा, नाहीतर घाईत कुणी नव्या स्ट्रिप समजून आत बोट घालेल.