ड्रेनेजच्या जोडणीवरून महापालिकेची नोटीस आलीय, थेट कोर्टात जावं का?

तुमचं म्हणणं असं, की सांगलीत घराच्या मागं नवीन बाथरूम-संडास काढलं, त्याची लाइन जुन्या चेंबरला जोडली, साहेब लोक पाहणी करून गेले आणि आता नोटीस आलीय की जोडणी विनापरवाना आहे, गच्चीचं पाणीही ड्रेनेजमध्ये सोडलंय, ७ दिवसांत काढा नाहीतर आम्ही तोडू. आणि तुम्हाला लगेच स्टे घ्यायचाय.

मी इथंच प्लंबिंगची कामं घेतो, वकील नाही, कोर्टाचं शेवटी वकिलालाच विचारा. पण अशा नोटिसा बऱ्याच बघितल्यात आणि मला मनापासून वाटतं की आधी त्या एका कागदातली दोन भांडणं वेगळी करा. परवानगी नाही हे एक, आणि पाइप चुकीचा टाकलाय हे दुसरं. परवानगीचं भांडण कागदावर मिटतं, पाइपचं चेंबरचं झाकण उघडल्याशिवाय मिटत नाही, आणि लोक दोन्हीसाठी वकिलाला पैसे देत बसतात.

नोटिशीवर कलम कुठलं लिहिलंय ते आधी बघा. नगररचना कायदा १९६६, कलम ५३ असेल तर दिलेल्या मुदतीतच ते बांधकाम कायम ठेवायला परवानगी मागायचा अर्ज करता येतो, तशी तरतूद त्याच कलमात आहे. आर्किटेक्टकडून नकाशा करून घ्या, अर्ज आवक-जावकला द्या आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. ही संधी सोडून नुसतं कोर्टात पळणं मला पटत नाही, कारण त्याच कायद्याचं कलम १४९ आड येतं, अशा नोटिशीला दिवाणी दाव्यात आव्हान देता येत नाही असं ते सांगतं. महापालिकेवर दावा लावायचा तर साधारणपणे महिनाभर आधी त्यांना नोटीस द्यावी लागते, तातडीच्या मनाई हुकमाचं वेगळं असतं, ते वकील सांगतील. हायकोर्टात रिट (सरकारी कारवाईविरुद्ध थेट अर्ज) करायची वेळ आलीच तर ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय, आपला जिल्हा त्यातच येतो, मुंबईला जायला नको.

आता पाइपचं. गच्चीच्या पाण्याबद्दल साहेब म्हणतात ते खरं असेल तर तिथं त्यांचंच बरोबर आहे, राग धरू नका. गच्चीचं पाणी मैल्याच्या लाइनला गेलं की मोठ्या पावसात लाइन तुंबते आणि ते पाणी खालच्या बाजूच्या घरात नहाणी ट्रॅपमधनं (न्हाणीच्या जाळीखालचं पाणी धरून ठेवणारं भांडं) वर येतं. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा सखल भागात कितीतरी घरांत दारातून पाणी यायच्या आधी संडासातून घाण वर आली होती, ज्यानं ते धुतलंय त्याला विचारा.

पण ते खरं आहे का हे तुम्ही स्वतः तपासा. बादलीभर पाण्यात कपड्याची नीळ चांगली गडद कालवा, गच्चीवर पाइपच्या तोंडात ओता, आणि खाली एकाला चेंबरचं झाकण काढून मोबाइलवर व्हिडिओ करायला उभा करा, शेजारचा कोणी साक्षीला असला तर अजून बरं. निळं पाणी चेंबरमध्ये आलं तर जोडणी आहे, तो पाइप तोडून बाहेर पावसाच्या गटारीला किंवा शोषखड्ड्याला न्या, काम फार मोठं नसतं. नाही आलं तर तोच व्हिडिओ उत्तराला जोडा. नव्या बाथरूमचं पाणी पण असंच सोडून बघा, चेंबरमध्ये ते सरळ पळतंय का मागं थांबतंय. चार इंची लाइनला आम्ही साधारण ४० फुटाला १ फूट उतार धरतो. ट्रॅपमध्ये कमीत कमी ५० मिलिमीटर पाणी उभं राहिलं पाहिजे नाहीतर वास घरात येतो, आणि आपल्याकडं काळ्या मातीत उन्हाळ्यात जमीन भेगाळली की पाइप सरकून सांधे उघडतात, म्हणून जुन्या चेंबरच्या तोंडाशी सांधा नक्की बघा. भाग सखल असेल तर लाइनला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) बसवूनच घ्या, नोटीस असो वा नसो.

पाहणीचा अहवाल आणि मंजूर नकाशाची प्रत माहिती अधिकारात मागा, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज होतो, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तुमची मुदत मात्र ७ दिवसांचीच आहे, त्यामुळं अहवालाची वाट बघत थांबू नका, उत्तर आधी जाऊ द्या. उत्तरात लिहा की कुठला पाइप, कुठल्या चेंबरला, कुठल्या नियमाविरुद्ध आहे ते लेखी कळवावं, आणि दुरुस्ती करून आम्ही फेरपाहणी मागतोय. तोंडी "बघतो, करतो" वर काही सोडू नका, साहेबांची बदली झाली की ते बोलणं कुणालाच आठवत नाही. आणि फेरपाहणीला ते आले की प्लंबरला हजर ठेवा, झाकणं आधीच सैल करून ठेवा, सगळी चेंबरं उघडून दाखवा आणि जागेवरच पाहणीच्या कागदावर तारखेसह सही मागा.