कोणती भिंत पाडायची नाही, ते लिहायला शिका

तुम्ही विचारलंत की हिंजवडीत अकरा वर्षं गाड्यांच्या सॉफ्टवेअरवर काम केलंय, श्टुटगार्टजवळची ऑफर हातात आहे, पण कामाच्या वर्णनात 'रेफरन्स आर्किटेक्चर तयार करणे आणि ते लिहून ठेवणे' एवढंच आहे, कोडिंगचं नावच नाही. हे डिमोशन तर नाही ना, आणि तयारी काय करू?

मी कोथरूडची. २०१६ पासून इथे जर्मनीत आहे आणि गेली पाच वर्षं हेच काम करते. डिमोशन अजिबात नाही. फक्त आपल्याकडे 'डॉक्युमेंटेशन' म्हणजे रिलीजच्या आदल्या रात्री सगळ्यात ज्युनिअर पोराच्या गळ्यात मारायचं काम, ते डोक्यातून काढा.

इथल्या माझ्या पहिल्या रिव्ह्यूला मी चाळीस स्लाइड घेऊन गेले होते. रंगीत चौकोन, भरपूर बाण. एक वयस्कर सहकारी पहिल्याच स्लाइडवर थांबले. "हा बाण म्हणजे काय? डेटा जातो, कॉल जातो, की हा भाग त्या भागावर अवलंबून आहे?" मला सांगता येईना, कारण एकाच चित्रात तिन्ही कोंबलं होतं. पुण्यात हे कुणी कधी विचारलं नव्हतं. तिथे मी फळ्यावर चित्र काढायची आणि शेजारी उभी राहून बोलायची. बाणाचा अर्थ सांगायला मी होतेच. इथे तो कागद मी नसताना, दुसऱ्या गावातली टीम दोन-तीन वर्षांनी उघडते. उरलेल्या एकोणचाळीस स्लाइड त्या दिवशी कुणी पाहिल्याच नाहीत.

आता रेफरन्स आर्किटेक्चर म्हणजे काय. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत तीन इमारती, नकाशा एकच. कुणी बाल्कनी बंद करून खोली केली, कुणी स्वयंपाकघराचा ओटा फिरवला. चालतं. पण तळमजल्यावरच्या एकांनी हॉल मोठा करायला खांबालाच हात घातला, तेव्हा मात्र अख्खी सोसायटी खाली जमली. एका फ्लॅटचा नकाशा म्हणजे एका सिस्टीमचं आर्किटेक्चर. 'या पद्धतीच्या कुठल्याही फ्लॅटमध्ये कोणती भिंत हलवता येते, कोणता खांब नाही, आणि का' हे सांगणारा कागद म्हणजे रेफरन्स आर्किटेक्चर. काय पक्कं आणि काय बदलता येईल, हे वेगळं न सांगणारा कागद नुसता सुंदर नमुना असतो, वापरणारा मग अंदाजपंचे दाहोदरसे ठरवतो.

तुम्ही हे रोज वापरताच. २००३ साली सुरू झालेलं ऑटोसार, म्हणजे गाड्यांच्या सॉफ्टवेअरचं सामायिक मानक, हे त्याचंच मोठं उदाहरण. वर अॅप्लिकेशन, खाली बेसिक सॉफ्टवेअर आणि मध्ये आरटीई (रनटाइम एन्व्हायर्नमेंट, दोघांना जोडणारा थर). वरच्याने हार्डवेअरला थेट हात लावायचा नाही, म्हणून ईसीयू (गाडीतला छोटा कंट्रोल कॉम्प्युटर) बदलला तरी वरचा भाग पुन्हा वापरता येतो. मुलाखतीत हे सांगा. 'मी ऑटोसारवर काम केलं' यापेक्षा 'हा थर का आहे आणि आम्हाला तो कुठे जाचला' हे इथल्या लोकांना ऐकायचं असतं.

वाचायचं काय? आर्किटेक्चरचं वर्णन कसं असावं याचं आयएसओ ४२०१० हे मानक (सध्याची आवृत्ती २०२२ची) आधी समजून घ्या. ते चित्र कसं काढायचं हे सांगतच नाही. कुणाला कसली काळजी आहे आणि ती कोणत्या व्ह्यूमध्ये, म्हणजे कोणत्या बाजूने पाहिलेल्या वर्णनात, दिसते, एवढं मागतं. जर्मन कंपन्यांत आर्किटेक्चर लिहिण्याचा आर्क ४२ हा साचा वारंवार भेटतो. त्याचे १२ भाग आहेत, पण नव्या माणसाची परीक्षा होते ती नवव्या भागात, म्हणजे निर्णयांत. त्यासाठी मायकेल नायगार्डने २०११मध्ये सुचवलेली एडीआरची (आर्किटेक्चर डिसिजन रेकॉर्ड, निर्णयाची छोटी नोंद) पद्धत पुरते: परिस्थिती काय होती, काय ठरवलं, परिणाम काय. नाकारलेले पर्यायही लिहा. 'क्लायंटने सांगितलं' हे कारण इथे चालत नाही. दहाव्या, म्हणजे गुणवत्तेच्या अपेक्षांच्या भागात 'सिस्टीम फास्ट हवी' असं लिहिलंत तर लाल शाईत परत येईल. कोणत्या भाराला, किती मिलिसेकंदांत, हे लागतं. चित्रांना सीफोर ही ढोबळापासून बारकाव्यापर्यंत जाणारी पद्धत उत्तम. त्याच्या चार पातळ्यांपैकी शेवटची, कोडची, सहसा काढूच नका.

एक सवय मला मोडावी लागली. मी प्रत्येक चौकोनात प्रॉडक्टचं नाव घालायची. रेफरन्समध्ये 'मेसेज ब्रोकर' (निरोप इकडून तिकडे पोचवणारा भाग) असं काम लिहायचं, प्रॉडक्टची नावं वेगळ्या परिशिष्टात; ती लवकर शिळी होतात. नियमाच्या बाबतीत मात्र आपण पुणेकर जन्मतः तयार असतो. दारावरच्या पाटीसारखा नियम लिहा: कुणाला लागू, काय करू नये, आणि का. फक्त पाटीवर नसते ती एक ओळ जोडा, अपवाद हवा असेल तर कुणाकडे जायचं. ती नसली की टीम गुपचूप पळवाट काढतात आणि वर्षभराने तुमचा कागद एकीकडे, सिस्टीम दुसरीकडे.

निघण्यापूर्वी एक काम करा. एखाद्या काल्पनिक सिस्टीमचं सहा पानी वर्णन लिहा (कंपनीचे कागद घेऊन येऊ नका, ती भानगड महागात पडते). प्रोजेक्टबाहेरच्या मित्राला वाचायला द्या आणि समोर गप्प बसा. तो जिथे "म्हणजे?" म्हणेल, तिथे खूण करा.

बाकीचं थोडक्यात. डिग्री आणि कॉलेज आनाबिन या परदेशी पदव्यांच्या जर्मन यादीत आधी तपासा. ब्लू कार्डासाठी, म्हणजे कुशल नोकरदारांच्या राहण्याच्या परवान्यासाठी, लागणारा किमान पगार दरवर्षी बदलतो, चालू वर्षाचा आकडा पाहूनच सही करा. कायम राहण्याच्या पक्क्या परवान्याला बाकी अटी पूर्ण असल्या तर ए१ (अगदी प्राथमिक) जर्मनवर २७ महिने लागतात, बी१वर (मध्यम पातळी) २१. म्हणून मॅक्स म्युलर भवनात जर्मनच्या वर्गाला आताच नाव घाला. ऑफिसात इंग्रजी चालेल, पण रिव्ह्यूतला खरा वाद जर्मनमध्येच रंगतो आणि तुमच्या कागदावर काय ठरलं, ते तुम्हाला दुसऱ्याकडून कळतं. प्रोबेशन बहुधा सहा महिन्यांचं असतं, तोवर घरच्यांना पुण्यातच राहू द्या.