कापड पितळेला भेटतं तिथे

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचे फोटो मिळाले. फोटो चार-पाच वेळा पाहिले, पत्र मात्र एकदाच वाचलं. त्यात प्रश्न एकच होता आणि तो तू तीन पानं लांबवला होतास: भरतकाम ठेवू, की दिवे, की लाकडी नामफलक? घरचे म्हणतात एक काहीतरी धर. आत्या तर तोंडावर म्हणाली, एक ना धड, भाराभर चिंध्या.

आत्यावर रागावू नकोस. तिच्या पिढीने वाकळा शिवल्यात, चिंध्यांबद्दल बोलायचा तिला हक्क आहे. तिलाच विचार, जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्याशेजारी जीन्सचा जाड तुकडा लावला तर काय होतं. थोड्या धुण्यांत लुगडं फाटतं, आणि फाटतं ते नेमकं टिपेच्या कडेने. चिंध्या दहा प्रकारच्या असल्या तरी वाकळ चालते. कुठलीच्या शेजारी कुठली बसवली, यावर तिचं आयुष्य ठरतं.

तुझ्या दिव्यांच्या फोटोंत मला तेच दिसलं. भरतकाम स्वच्छ आहे. पितळेचं काम तुझ्या वयाच्या मानाने फारच चांगलं. बिघडलंय ते कापड जिथे पितळेला भेटतं तिथे. तिथे तू ग्लू गन चालवलीस. दिवा रोज संध्याकाळी चार तास लागला की तो गोंद मऊ पडणार, कापड घसरणार, आणि गिऱ्हाईक म्हणणार भरतकाम वाईट होतं.

हे मी शहाणपणाने सांगत नाही. माझ्या उमेदवारीत एका घरच्या वास्तुशांतीला मी दिवाणखान्यासाठी रेशमी शेड करून दिली होती. आत ६० वॅटचा पिवळा बल्ब, वर सुंदर बंद झाकण, कारण मला बल्ब दिसायला नको होता. भर दुपारी शेड जळायला लागली. पाहुण्यांना वाटलं होमाचा धूर आहे, त्यामुळे बराच वेळ कुणी लक्षच दिलं नाही! त्यानंतर माळ्यावरचा आजीचा प्रभाकर कंदील काढून नीट बघितला. तुझ्या कराडजवळच्या ओगलेवाडीचा तो. खालून हवेला वाट, वरून उष्णतेला वाट. एवढं त्याच्या घडणीतच होतं, आणि मी ते लहानपणापासून बघत असून बघितलं नव्हतं. आता एलईडी आहेत, ५ वॅटमध्ये भागतं, उष्णता कमी. तरी बल्बच्या बुडाचा भाग तापतोच. वर-खाली उघडं ठेव, आणि कापड बल्बपासून निदान चार बोटं लांब.

गोंदाऐवजी काय करायचं? सोपा मार्ग नेफ्याचा. परकराला नाडीसाठी शिवतेस तसाच नेफा शेडच्या कडेला शिवायचा आणि त्यातून वरची-खालची तारेची कडी ओवायची. कापड मळलं तर काढून धुताही येतं. दुसरा मार्ग देखणा, पण चिकाटीचा: पितळी पट्टीला सेंटीमीटरभर अंतराने भोकं पाडून कापड थेट पट्टीला शिवायचं. इथेच बहुतेक जण फसतात. ड्रिलने पाडलेल्या भोकाची कड सुरीसारखी असते. शिवताना कळत नाही, पण दिवा हलतो, पुसला जातो, आणि काही महिन्यांत दोरा एकेक ठिकाणी तुटतो. प्रत्येक भोक दोन्ही बाजूंनी बारीक गोल कानशीने घासायचं, मग पॉलिश पेपर. बोट फिरवून बघू नकोस, बोटाला कळत नाही. रेशमी दोरा ओवून पाच-सहा वेळा मागेपुढे ओढ. दोऱ्याला केस फुटले नाहीत तर झालं.

या कामासाठी तुला एकदा मिरजेला नेणार आहे, सतारमेकर गल्लीत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचे फलक तिथे दिसतील. ते बघायचे नाहीत. एखादा कारागीर तंबोऱ्याची जवारी लावत असेल, म्हणजे तारेचा सूर खुलवत असेल, तिथे मुकाट्याने बसायचं. भोपळा पंढरपूरकडून येतो, लाकूड वेगळं, तार वेगळी, आणि तार जिथे घोडीवर, म्हणजे तिच्या खालच्या टेकूवर, टेकते तिथे सुताचा एक साधा दोरा. कारागीर घोडी घासतो, तार छेडतो, दोरा केसभर सरकवतो, पुन्हा छेडतो. नाहीतर सूर ठक्क वाजतो. मग एका क्षणी तो उघडतो आणि खोली भरते. धातू, घोडी आणि सूत जिथे भेटतात, त्या नखाएवढ्या जागेवर तो माणूस अख्खी दुपार घालवतो. ही घराणी मूळची शिकलगारांची, हत्यारांना धार लावणाऱ्यांची. एकोणिसाव्या शतकात ती वाद्यांकडे वळली, त्यात फरीदसाहेबांचं नाव पहिलं घेतात. कानस हातात तीच राहिली असणार. आत्या त्यांना काय म्हणाली असती कोण जाणे.

आता दिव्यावरच्या भरतकामाचं. हे तुला शिकवणीत कुणी सांगितलं नसणार, कारण तिथे रुमाल आणि ब्लाउज भरतात आणि त्यांची उलटी बाजू झाकली जाते. दिव्याच्या शेडमागे उजेड असतो. मागच्या गाठी काळ्या ठिपक्यांसारख्या दिसतात, आणि एका फुलावरून दुसऱ्या फुलाकडे उडी मारलेला धागा चक्क ओरखड्यासारखा. तुझ्या निळ्या शेडवर असे सात ओरखडे मी मोजले. यावर उपाय आपल्याकडच्या बायका अंगावर नेसून फिरत होत्या. इरकली लुगड्यावरची धारवाडी कशिदा आठव. तिच्यातला गवंती टाका दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो, गाठ मारत नाहीत, धागा जातानाच परत यायची वाट ठेवून जातो. पूर्ण कशिदा शीक असं म्हणत नाही, तिला धागे मोजावे लागतात आणि तुझा धीर मला माहीत आहे. पण गवंती शीक. आणि धाग्यांचे रंग दुपारच्या उन्हात निवडू नकोस. जो बल्ब बसणार आहे, तो लावून त्याच्यासमोर लडी धर. पिवळसर उजेडात तुझा आवडता निळा मरतो.

वायरिंग स्वतः करू नकोस. वायरमनला बोलाव, पैसे दे, आणि पितळी बॉडीला अर्थिंग दिल्याशिवाय त्याला चहा देऊ नकोस.

भिंत बघितल्याशिवाय भिंतीवरचा दिवा विकायचा नाही. जुन्या वाड्याच्या पांढऱ्या मातीच्या भिंतीत स्क्रूचा प्लग धरतच नाही, लाकूड शोधावं लागतं. नव्या इमारतींतल्या हलक्या ब्लॉकमध्ये साधा प्लग गरगर फिरतो. स्क्रूसुद्धा पितळेला पितळेचाच. हे मला २०१९च्या पुराने शिकवलं. इथे सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. आमच्या गावभागाचं काय झालं ते तू टीव्हीवर बघितलंच असशील. पाणी उतरल्यावर माझे चार दिवे चिखलातून काढले. पितळ चिंचेने घासल्यावर पूर्वीसारखं झालं. साधं प्लायवूड पापडासारखं सुटलं, लाल दोऱ्याने अख्ख्या पांढऱ्या मॅटीच्या कापडावर रंग सोडला, आणि लोखंडी स्क्रू पितळेच्या संगतीत असे सडले की हाताने मोडले. तेव्हापासून मागे मरीन प्लाय, आणि प्रत्येक लडीचा तुकडा ओल्या पांढऱ्या कापडात रात्रभर गुंडाळून बघते. पूर रोज येत नाही, पण मोलकरणीचं ओलं फडकं रोज येतं.

पैशाचं थोडक्यात. तू पाठवलेला हिशोब बघितला: कापड २४० रुपये, दोरे १८०, पितळ ६५०, होल्डर-वायर २१०. झाले १,२८०. दिवा विकलास २,५०० ला आणि तास लागले ३१. म्हणजे तासाला चाळीस रुपयेही पडले नाहीत, आणि त्यात भिंत बघायला गेलीस तो वेळ धरलेलाच नाहीस. वहीत तासांचे तीन रकाने कर: भरतकाम, धातू, जोडणी. तिसरा रकाना सगळ्यात मोठा निघेल, माझा निघतो. गिऱ्हाईक त्याचे पैसे द्यायला कुरकुरतं कारण ते काम दिसत नाही. निम्मे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय कापड कापू नकोस. एका हॉटेलवाल्याचे बारा दिवे अजून माझ्या कपाटात आहेत. छोट्या धंद्याची उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नकोस.

नामफलकांबद्दल मला विचारू नकोस, मला ते आवडत नाहीत. तुला आवडत असतील तर कर.

येत्या रविवारी ये. सकाळच्या एसटीने निघालीस तर दुपारी मिरजेला जाता येईल. येताना ती निळी शेड आण. गोंद काढायचा प्रयत्न करू नकोस, आहे तशीच हवी. कुठून सुटायला लागलीय ते दोघी मिळून बघू. बल्ब मात्र काढून वेगळा गुंडाळ, मागच्या वेळी पिशवीत फुटला होता.

तुझी,
काकू

ता. क. आत्याकडे जुनी वाकळ असेल तर तीही आण. उलटी बाजू बघायची आहे.