टॉलस्टॉय नास्तिक होते का?

नाही. रशियन ऑर्थोडॉक्स चर्चने त्यांना नाकारलं, त्यांनी चर्चला नाकारलं, पण देवाला त्यांनी सोडलं नाही.

तरुणपणी श्रद्धा गळून पडली होती. पन्नाशीच्या सुमारास जगण्यातच अर्थ वाटेना. गळफास लावून घेऊ नये म्हणून दोरी लपवून ठेवायचे, शिकारीला बंदूक नेणं बंद केलं. हे सगळं त्यांच्या ‘कबुलीजबाब’ या आत्मकथनात आहे. मग शेतकऱ्यांची साधी श्रद्धा पाहून ते चर्चकडे वळले, उपासतापास सुरू केले. ते फार टिकलं नाही. प्रसादाची भाकर आणि वाइन म्हणजे खरोखरचं मांस आणि रक्त, हे म्हणताना जीभ अडखळे. त्यात तुर्कांशी युद्ध पेटलं आणि चर्चमध्ये रशियन शस्त्रांच्या यशासाठी प्रार्थना होऊ लागल्या, ते तर त्यांना अजिबात पटेना.

पुढे त्यांनी चमत्कार, त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ही कल्पना), येशूचं देवत्व, सगळं बाजूला सारलं. उरलं ते येशूचं ‘डोंगरावरचं प्रवचन’, म्हणजे दुष्टाईला बळाने उत्तर देऊ नका. गांधींना भावले ते हेच टॉलस्टॉय.

१८९९च्या ‘पुनरुत्थान’ या कादंबरीत तुरुंगातल्या उपासनेचं जे बोचरं वर्णन आहे (पहिला भाग, प्रकरण ३९-४०), ते चर्चला झोंबलं. फेब्रुवारी १९०१मध्ये चर्चच्या सर्वोच्च धर्मसभेने ते आपले सदस्य नसल्याचं जाहीर केलं. उत्तरात त्यांनी चर्च सोडल्याचं सरळ मान्य केलं, आणि देवावर विश्वास असल्याचंही. माझ्या मते अख्ख्या प्रकरणातला सर्वांत वाचनीय कागद हाच.

१९१०मध्ये यास्नाया पोल्याना या त्यांच्या वडिलोपार्जित इस्टेटीत दफन झालं ते धर्मविधींशिवाय. थडग्यावर क्रूस नाही, नुसता गवताचा उंचवटा.